मोहरीच्या डब्यातला घोडा

जेथ्रो थर्टलने डबा टेबलावर ठेवला तेव्हा
आत काहीतरी जडपणे सरकलं.
मोहरीपुडीचा जुना पिवळा डबा, झाकणाला गंज,
आणि आत, बायकोच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली
अकरा नाणी.
बीटाच्या शेतात, उतारावर,
गारगोट्यांच्या मध्ये सापडली, म्हणाला.
बूट दाराबाहेर काढून आला होता;
नॉरफोकची चिकट माती तरीही मागोमाग आलीच.

नोंद करणं माझं काम.
वजन: साडेपाच ग्रॅमला गुंजभर कमी.
धातू: सोनं, त्यात रुपं, त्यात तांबं जरा जास्तच.
राजाला टंचाई होती की सोनाराला हाव,
ते कसोटीवर उमटत नाही.
छापा: पानांची माळ.

इथे माझा हात नेहमी थांबतो.
ती माळ कुणाच्या तरी डोक्यावर होती.
दूर मॅसिडोनियात, एका तरुण देवाच्या,
सरळ नाक, कुरळे केस, केसांत पानं.
भाडोत्री शिपायांच्या कमरेला बांधून ते डोकं निघालं,
नदीमागून नदी ओलांडत,
आणि प्रत्येक काठावर कुणीतरी त्याची नक्कल केली,
मग नकलेची.
आधी ओठ गेले. मग नाक.
डोळा बराच काळ टिकला, एकटाच;
समुद्र ओलांडेपर्यंत तोही मिटला.
माळ तेवढी पोचली,
खालचं डोकं काढून घेतलेली.

जुन्या सूचीत अशांपुढे एकच शेरा: भ्रष्ट नक्कल.
माझ्या आधीच्या मिस पेग्रम तो लाल शाईने लिहीत.
मीही लिहीत आले, अठरा वर्षं.

काट्याच्या बाजूला घोडा.
घोडा म्हणजे मानेची एक कमान,
पोटाचा चंद्र, सांध्यांच्या जागी टिंबं,
खाली सुटून पडलेलं चाक, ज्याला रथ नाही,
शेपटीचे तीन फटकारे.
पाय कुणी मोजून लावलेले दिसत नाहीत.

आणि एकाही नाण्यावर तो पुरता नव्हता.
ठसा मोठा, चकती लहान.
हातोडा पडेल तेवढाच घोडा सोन्यात उतरे:
कुणाच्या वाट्याला कान, कुणाच्या खूर,
एकाला नुसतं चाक.

मी एकेक उतरवून घेतलं ट्रेसिंग कागदावर,
दसपट मोठं, कडक पेन्सिलीनं.
मग कागदावर कागद, खिडकीच्या काचेला धरून.
आठव्याला मान खांद्याला मिळाली.
अकराव्याला नाकपुडी.
आणि पोटातून आरपार एक बारीक रेघ:
ठशाला गेलेला तडा.
ऐरणीपुढच्या माणसाने तेव्हा शिवी दिली असेल,
पण काम थांबवलं नाही.
तड्यानंतरची नाणी पाच आहेत.
अख्खा घोडा त्याने पाहिला होता,
तोही उलटा, पोकळ, खोदताना.
त्यानंतर आज, या काचेवर.

जेथ्रो काचेपाशी आला. चष्मा कपाळावर ढकलला.
त्याचा बाप नांगर धरायचा,
तांबड्या धिप्पाड जोडीच्या मागे, ट्रॅक्टर यायच्या आधी.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग बोट न टेकवता टिंबांवरून फिरवलं.
"बांधाशी आलाय," म्हणाला. "वळतोय.
वळताना पाय असेच दिसतात,
पुढचा कुठला, मागचा कुठला, कळत नाही.
पण त्याला शेजारी उभं राहावं लागतं,
लाथ बसेल इतकं शेजारी."

शेऱ्याचा रकाना रिकामा होता.
लाल पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
दिशेच्या रकान्यात लिहिलं: उजवीकडे.
त्याखाली पेन्सिलीनं: वळतोय.

दारात तो बूट चढवत होता.
नाण्यांचं काय ते कोर्ट ठरवेल, म्हणाला,
मोजा तेवढा परत हवा.
दुसरा घरी आहे, अजून.